आधी कच्चा टाका

गेल्या सहामाहीच्या आधी आठवीच्या वर्गाला आम्ही निबंधाऐवजी गोष्ट लिहायला दिली. विषय मोकळा, वेळ एका तासिकेचा. आमची शाळा उल्हासनगरातली, उर्दू माध्यमाची. आम्ही तिथे मराठी शिकवतो. बाजारात, रिक्षात, लोकलमध्ये आमची मुले मराठी न अडखळता बोलतात. कागद समोर आला की मात्र गोठतात. तास संपायला पाच मिनिटे असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलेले पान टरकन फाडले, चुरगळले आणि दप्तरात कोंबले. विचारले तर मान खाली घालून म्हणाली, “टीचर, अच्छी नहीं हुई.”

आम्ही ते पान मागून घेतले आणि मधल्या सुट्टीत सरळ करून वाचले. दीड पानाची गोष्ट होती. रात्री दोन वाजता नळाला पाणी येते, आई हंडे भरते आणि मुलगी टॉर्च धरून उभी राहते, एवढीच. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ओळीओळीत होत्या. पण टॉर्च धरून हात दुखू लागल्यावर मुलगी तो दुसऱ्या हातात घेते आणि तेवढ्या अंधारात आईला ठेच लागते, हे त्या मुलीने लिहिले होते. असे वाक्य आम्हाला वीस वर्षांत लिहिता आलेले नाही. तिला आम्ही म्हटले, “अगं, पुरी तर करायची होतीस. चुका मागून सुधारता येतात.”

म्हणायला म्हटले, पण स्टाफरूमकडे येताना आमचे आम्हालाच हसू आले. घरी कपाटात आमची स्वतःची एक गोष्ट तीनदा सुरू होऊन तीनदा चुरगळलेली पडून होती. फरक एवढाच की ती मुलगी तेरा वर्षांची आहे आणि आम्ही चाळिशी ओलांडली आहे.

गोष्ट आमच्या अब्बांची आहे. अब्बा खेडकडचे. तरुणपणी काम शोधत उल्हासनगरला आले आणि कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेठच्या दुकानात कोट शिवायला लागले. आजच्या पिढीला उल्हासनगर म्हणजे जीन्स आणि वालधुनीचे रंगीत पाणी एवढेच ठाऊक असते, म्हणून थोडे सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये आसरा मिळाला. 1949 साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव पडले, पण छावणीची आठवण ‘कॅम्प नंबर’ म्हणून अजून पत्त्यात टिकून आहे. शेठ गिऱ्हाइकांची मापे सिंधीत लिहीत, आणि ती सिंधी अरबी वळणाच्या लिपीत. तिची बावन्न अक्षरे अब्बांना सगळी काही लागत नसत, पण उर्दू येत असल्यामुळे नावे आणि आकडे ते वाचत. दुकानात कोकणातल्या या पोराची किंमत वाढली ती सुईपेक्षा या वाचनामुळे, असे ते हसत सांगतात.

शेठच्या आई शिकारपूरहून येताना एक अर्धवट रल्ली घेऊन आल्या होत्या. रल्ली म्हणजे सिंधकडची ठिगळांची गोधडी. अर्धी तिकडे शिवलेली, अर्धी राहिलेली. वीस-पंचवीस वर्षे ती ट्रंकेत होती. एकदा त्यांनी ती अब्बांना दाखवली. अब्बांना वाटले, म्हाताऱ्या बाईचे काम करून टाकू. त्यांनी रात्री दुकानात थांबून मशीनवर ती पूर्ण केली आणि सकाळी घडी करून नेऊन दिली. त्या बाईंनी ती उलगडली, पाहिली, कात्री मागितली आणि अब्बांनी शिवलेला टाका न टाका उसवायला बसल्या. नंतर कितीतरी दुपारी त्यांनी अब्बांना समोर बसवून तो हातटाका शिकवला आणि रल्ली दोघांनी मिळून संपवली.

लहानपणापासून हा किस्सा आम्ही शंभरदा ऐकला. यावर गोष्ट लिहायची हे विशीतच ठरवले होते. पहिला प्रयत्न उर्दूत झाला. दोन पानांवर अडकलो. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले तेव्हा आमची खालची ट्रंक भिजली, तीत ती पानेही होती. पुढे कितीतरी वर्षे आम्ही लोकांना सांगत राहिलो की आमची गोष्ट पुरात गेली. खरे असे की पूर यायच्या सहा महिने आधीच ती आम्ही टाकून दिली होती. पुराने आम्हाला एक बरे कारण मिळवून दिले.

दुसऱ्यांदा मराठीत लिहायला घेतली. पाच पाने झाल्यावर एका जाणत्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी आपुलकीनेच सांगितले, “छान आहे, पण तुमच्या मराठीला उर्दूचा वास येतो.” आठ शब्दांच्या त्या वाक्याने आम्हाला सहा-सात वर्षे गप्प बसवले. तिसरी खेप लॉकडाऊनमध्ये. तेव्हा वेळ भरपूर होता. आम्ही पहिले पान नऊ वेळा लिहिले. नऊ वेळा! दुसरे पान एकदाही नाही.

शिक्षकाला हा रोग जरा जास्त जडतो, असे आमचे निरीक्षण आहे. वर्षाला शेकडो वह्या तपासायच्या, लाल पेन हातात घेऊन चूक शोधायची, हा आमच्या पोटापाण्याचा धंदा. डोळ्यांना तीच सवय लागते. स्वतः लिहायला बसलो की एका हातात निळे पेन असते आणि दुसऱ्या हातात न दिसणारे लाल. निळे एक शब्द लिहिते, लाल तो खोडते. अर्ध्या तासाने पानावर काही नसते आणि दमणूक मात्र पूर्ण दिवसाची. मग चिडचिड होते, ती घरच्यांवर निघते. आमच्या घरात “अम्मी आज लिहायला बसली होती” याचा अर्थ मुलांनी आपापल्या खोलीत जावे, असा होऊन बसला होता.

ही चिडचिड घेऊनच एका रविवारी आम्ही अंबरनाथला धाकट्या भावाकडे गेलो. अब्बा तिथे असतात. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. सकाळचे औषध घेतले की नाही ते दुपारी आठवत नाही, पण 1970 सालच्या कोटाचे माप विचारा, सांगतील. लिहिण्याचे रडगाणे आम्ही त्यांच्यापुढे सहज म्हणून गायले. त्यांनी विचारले, “तू पहिल्या पानावरच पक्की शिलाई मारतेस काय?”

मग त्यांनी कोट कसा शिवतात ते सांगितले. आम्ही दर्जीची लेक, पण हे कधी नीट ऐकलेच नव्हते. कापड बेतले, कापले की आधी पांढऱ्या दोऱ्याने सगळा कोट टाचून घ्यायचा. लांब लांब टाके, धावदोरा. आत कॅनव्हास, बाह्या, कॉलर, सगळे नुसते टाचलेले. तो दिसतो अगदी भिकारडा. दोरे लोंबतात, खांदा वाकडा असतो. तसाच तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा. मग कळते की बाही कुठे ओढते, पाठ कुठे फुगते. खडूने खुणा करायच्या, दोरा ओढून उसवायचे आणि मग मशीन. “टाचलेल्या कोटाला कोणी नावं ठेवत नाही,” अब्बा म्हणाले, “आणि न टाचता मशीन मारणारा कारीगर नाही, घाईवाला आहे. मी ती रल्ली अशीच बिघडवली होती.”

त्या दिवशी बदलापूरच्या गाडीत आमच्या डोक्यात सारखे मंटो आणि बेदी येत होते. उर्दू कथेतली ही दोन मोठी नावे, दोघांचीही बरीच वर्षे मुंबईत गेलेली, आणि लिहिण्याच्या बाबतीत दोघे दोन टोकांना. सआदत हसन मंटो कागदाच्या माथ्यावर 786 लिहून गोष्ट सुरू करत. आपण अफसाना कसा लिहितो यावर त्यांनी एक मजेदार लेख लिहिला आहे. त्यात ते सांगतात की घरात मुलींचा गोंधळ चालू असतो, त्यांची भांडणे सोडवायची असतात, पाहुणा आला तर त्याची खातिरदारी करायची असते, आणि या सगळ्यात लिहिणे चालू असते. कधी काहीच सुचत नाही तेव्हा पत्नी सफिया सांगतात की विचार सोडा आणि कलम उचला. गोष्ट आपल्या डोक्यात नसतेच, खिशात असते आणि आपल्याला तिची खबर नसते, असे मंटोंचे म्हणणे. 1955 मध्ये ते वारले तेव्हा वय अवघे बेचाळीस. तोवर दोनशेहून जास्त कथा लिहून झाल्या होत्या.

राजिंदर सिंह बेदी याच्या अगदी उलट. लाहोरला टपाल खात्यात कारकुनी करत त्यांनी लिहायला सुरुवात केली. पुढे मुंबईत चित्रपटांचे संवाद लिहिले. ‘मिर्झा गालिब’, ‘देवदास’, ‘मधुमती’ हे त्यांचेच. पण कथेच्या बाबतीत हात अतिशय सावकाश. मंटोंनी त्यांना म्हणे टोकले होते की तुम्ही लिहिण्याआधी विचार करता, लिहिताना करता आणि लिहून झाल्यावरही करत बसता. हा किस्सा उर्दू वाचकांत फार प्रसिद्ध आहे. बेदींनी राग मानला नाही. आपण कारीगर जातीचे माणूस, ठोकून बघून काम करणारे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या ‘एक चादर मैली सी’ला 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे वय पन्नास होते.

आम्ही बेदींच्या वाटेचे, असे इतकी वर्षे स्वतःला सांगून आम्ही समाधान करून घेत होतो. अब्बांचे ऐकल्यावर लक्षात आले की बेदी ठोकून बघत होते, म्हणजे ठोकायला समोर काहीतरी होते. आमच्यासमोर नऊ पहिली पाने होती. हे कसब नव्हते, भीती होती.

भीती कसली, ते तपासणे थोडे अवघड गेले. पहिली भीती तुलनेची. मराठीच्या शिक्षकाला ‘श्यामची आई’ टाळता येत नाही. आणि साने गुरुजींनी ती 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे दरवर्षी वर्गात सांगावे लागते. पाच दिवस! सांगताना आम्हाला स्वतःची लाज वाटायची. पण गुरुजी त्याआधी अमळनेरला शाळेत शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते, मुलांत राहत होते. पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाला ‘रात्र’ म्हटले आहे, कारण श्याम रोज रात्री मुलांना बसवून आठवण सांगतो. ज्याचा जन्म मुलांशी बोलण्यात गेला त्याच्या जिभेवर ती गोष्ट किती वर्षे घोळली असेल? कागदावरचे पाच दिवस तेवढे आपण मोजतो.

आणि तुलना करायचीच तर आपल्या जवळच्या माणसाशी का करू नये? सलाम बिन रज्जाक हे उर्दूतले मोठे कथाकार. जन्म पनवेलचा, 1941 चा. आयुष्यभर मुंबई महापालिकेच्या शाळेत मास्तर. मराठी उत्तम जाणत, मराठी कथा त्यांनी उर्दूत नेल्या. त्यांचा पहिला संग्रह ‘नंगी दोपहर का सिपाही’ 1977 मध्ये आला, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. दुसरा यायला आणखी दहा वर्षे लागली. ‘शिकस्ता बुतों के दरमियान’ला साहित्य अकादमी मिळाला तो 2004 मध्ये, साठी उलटल्यावर. 2024 मध्ये ते गेले. वह्यांचे गठ्ठे त्यांनीही तपासलेच असणार. त्यांच्याकडे पाहिल्यापासून वयाचे रडणे आम्ही बंद केले आहे.

दुसरी भीती भाषेची, आणि ही आमच्या बहुतेक वाचकांच्या घरातली आहे. घरी आपण एक बोलतो, शाळेत दुसरे शिकतो, मशिदीत तिसरे ऐकतो. लिहायला बसलो की मराठी वाचक म्हणेल उर्दू वळण आहे, उर्दू वाचक म्हणेल मराठी वळण आहे. दोन्हीकडून आपणच परके. आम्ही ‘सालन’ लिहून खोडले आणि ‘कालवण’ लिहिले. ‘कालवण’ वाचले तर ते आमच्या अम्मीच्या हातचे वाटेना. शेवटी आम्हाला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवले. सतराव्या शतकात त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, तेव्हा कुणाची परवानगी काढली असेल? हमीद दलवाईंच्या सामाजिक मतांशी आमचे पुष्कळ वाचक सहमत नाहीत, आम्हीही सगळ्या मतांशी नाही. पण मिरजोळीच्या या माणसाने ‘लाट’मधल्या कथा आणि 1965 ची ‘इंधन’ कादंबरी लिहून कोकणी मुसलमानाचे घर मराठी कथेत आणले, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. वास येतो म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही आज एवढेच म्हणू, की येतो खरा. सालनाचा आहे.

तिसरी भीती घरातल्या वडीलधाऱ्यांची. “किस्से-कहाण्या म्हणजे झूठ, त्यापेक्षा काही उपयोगाचे लिही,” असे आमच्या एका खाला नेहमी म्हणायच्या. त्याच खालांनी लग्नात आम्हाला ‘मिरातुल उरूस’ भेट दिले होते! अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट डेप्युटी नजीर अहमद यांनी आपल्या मुलींच्या वाचनासाठी लिहिली. थोडे लिहायचे, मुलींना द्यायचे, त्यांनी वाचून आणखी मागितले की पुढचे लिहायचे. 1869 मध्ये ते छापले गेले, सरकारी बक्षीस मिळाले, आणि उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आज त्याचे नाव घेतात. लिहिताना मात्र डेप्युटीसाहेबांसमोर वाचक कोण होता? घरातल्या मुली. त्यांच्यापुढे काय लाजायचे?

हे आम्हाला फार उपयोगी पडले. आम्ही ठरवले की ही गोष्ट मासिकासाठी नाही, संमेलनासाठी नाही, त्या जाणत्या गृहस्थांसाठी तर नाहीच. ऐकणारे एकच, अब्बा. आणि त्यांची आठवण रोज थोडी विरते आहे, तेव्हा दहावे पहिले पान लिहायला वेळ नाही.

मग काय केले ते सांगतो. कुणाला जमले तर पाहावे. नवी कोरी वही घेणे बंद केले, कारण कोरी वही पाहिली की आम्हाला परीक्षेला बसल्यासारखे होते. शाळेच्या जुन्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहू लागलो. एका बाजूला शालेय पोषण आहाराचा तक्ता, दुसऱ्या बाजूला शिकारपूर. अशा कागदाकडून कोण कशाची अपेक्षा करणार? फजरनंतर चहा ठेवण्याआधी वीस मिनिटे, मोबाईल दुसऱ्या खोलीत. शब्द अडला तर तिथे थांबायचे नाही. उर्दू शब्द उर्दू लिपीत लिहून पुढे जायचे. यात एक गंमत होते. मराठी डावीकडून येते, उर्दू उजवीकडून, आणि ओळीच्या मध्ये दोघी समोरासमोर येऊन थबकतात, कॅम्पातल्या गल्लीत दोन रिक्षा थबकतात तशा. जे माहीत नाही तिथे चौकट काढून ‘अब्बांना विचारणे’ एवढे लिहायचे. आणि लाल पेन? ते शाळेच्या पर्समध्येच ठेवले. टाकून दिलेले नाही. ट्रायलच्या दिवशी ते लागणारच आहे.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. लिहिलेले इतके बाळबोध होते की आमच्या सातवीच्या मुलाने लिहिले असते तर आम्ही दहापैकी चार दिले असते. पाचव्या दिवशी एक चौकट आडवी आली. त्या बाईंनी कात्री मागितली तेव्हा अब्बा कुठे उभे होते? शंभरदा ऐकलेल्या किश्शात हे नव्हतेच. आधीच्या तिन्ही वेळी आम्ही नेमके इथेच अडलो होतो, हे तेव्हा कळले. बाईंनी का उसवले, याचे कारण आम्ही पहिल्या पानावरच शोधून काढायला निघालो होतो: वतन, विरह, फाळणी, मोठे मोठे शब्द. आता चौकट काढली आणि पुढे गेलो. पाच आठवड्यांत अकरा पाने झाली. एक संपूर्ण गोष्ट, सुरुवात-शेवटासकट. दोरे लोंबणारी, खांद्यात वाकडी, पण अंगावर चढवता येईल अशी.

त्याच सुमारास त्या मुलीचे पान आम्ही तिला इस्त्री करून परत दिले. खरोखरची इस्त्री, कमी गरम. ती हसली. पुढचे अर्धे पान तिने घरून लिहून आणले आहे; त्यात आईच्या ठेचेवर हळद लावली जाते. त्या पानावर आम्ही अजून लाल पेन लावलेले नाही. ती विचारते आहे, “टीचर, मार्क कितने?” तिला सांगितले, आधी तिसरे पान आण.

परवा रविवारी अकरा पाने घेऊन अंबरनाथला गेलो. जोहरनंतर अब्बांना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. आम्हाला वाटले, झोपले. मशीनचे वर्णन आले तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, “पायाची नव्हती, हाताची होती.” खडूने खूण केली. शेठच्या दुकानाचा जिना आम्ही डावीकडे घातला होता, तो त्यांनी उजवीकडे नेला. पुढे कात्रीची जागा आली. आम्ही लिहिले होते की उसवता उसवता त्या बाई रडत होत्या.

अब्बांनी डोळे उघडले. “कोण रडत होतं?”

“त्या. अम्मा.”

“छे. ती कशाला रडेल? ती तर हसत होती. म्हणत होती, बरं झालं तू बिघडवलंस, आता मला पुन्हा शिवायला मिळेल.” थोडा वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. “रडत मी होतो. दाराशी उभा राहून.”

आम्ही पान उलटे करून पेन्सिल शोधू लागलो.